बाईंची विशेषणं

"कोण करतंय आणि कोणाला होतंय, ते आधी सांगा."

चष्मा कपाळावर सरकवून बाई हे वाक्य म्हणायच्या आणि समोरचा माणूस जागच्या जागी विद्यार्थी व्हायचा. मग तो आठवीतला मुलगा असो, पुस्तकं खपवायला आलेला विक्रेता असो, नाहीतर आमचे मुख्याध्यापक असोत. मुख्याध्यापक एकदा बैठकीत म्हणाले, "आय ॲम व्हेरी कन्फ्यूजिंग अबाउट धिस टाइमटेबल." बाईंचा चष्मा वर गेला. "सर, तुम्ही कन्फ्यूजिंग आहात हे आम्हाला मान्यच आहे. पण तुम्हाला कन्फ्यूज्ड म्हणायचं असावं." त्यानंतर वर्षभर बाईंना रोज शेवटचा तास आला.

स्वारगेटपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आमची शाळा. बाई तिथे इंग्रजी शिकवायच्या आणि मी चित्रकला. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत किती मान असतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याच्या तासाचा जातो. माझे तास बहुतेक वेळा बाईच न्यायच्या आणि त्यांनी ते कधीही परत केले नाहीत. मागितले तर म्हणायच्या, "तुम्ही बोअर्ड होता, मी तुमची सुटका केली. तुम्ही बोअरिंग आहात असं मी कुठे म्हटलं?" थोडं थांबून पुढे, "तेही खरं असेल म्हणा, पण तो वेगळा धडा आहे."

त्यांचा सगळ्यात आवडता धडा हाच. इंग्रजी क्रियापदं विशेषणाचं काम कशी करतात, हा. इतर शिक्षक हा भाग एका तासात उरकतात. बाईंना त्याला पंधरवडा लागायचा. "क्रियापद आयुष्यभर राबतं," त्या मुलांना सांगायच्या. "मग कधीतरी नामाच्या ओट्यावर जाऊन बसतं आणि त्याच्याबद्दल बोलायला लागतं. काम चालू असतानाच टेकलं तर आयएनजी. काम उरकून टेकलं तर ईडी." मुलं हसायची. ओट्यावर बसून दुसऱ्याबद्दल बोलणारी रिटायर्ड मंडळी पुण्यात दाखवायला लांब जावं लागत नाही.

फळ्यावरची उदाहरणं त्यांना पटायची नाहीत. वस्तू समोर पाहिजे. तुटलेल्या खुर्चीसाठी त्या शिक्षकांच्या खोलीतून माझीच खुर्ची उचलून न्यायच्या. एकदा 'रनिंग वॉटर' दाखवायला सबंध वर्ग मागच्या नळांपाशी नेला. नळ सोडला तर आतून नुसता हवेचा फुसकारा आला. गुरुवार होता. महापालिकेनं आदल्या आठवड्यात या गुरुवारी पाणी बंद राहणार नाही असं जाहीर केलं होतं. बाईंनी नळ बंद केला आणि शांतपणे म्हणाल्या, "चला, आज 'ब्रोकन प्रॉमिस' घेऊ."

हे वर्गापुरतं राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण बाईंच्या हाती लागलेला कुठलाही कागद लाल पेनातून सुटायचा नाही. सोसायटीची नोटीस, शाळेचं परिपत्रक, बारशाचं आमंत्रण, औषधाच्या दुकानातली चिठ्ठी. वाचता वाचता हात आपोआप पर्सकडे जायचा. दुरुस्त केलेला कागद त्या ज्याचा त्याला परत करायच्या, मनात काहीही न ठेवता. घेणाऱ्याच्या मनात काय राहतं याचा विचार त्यांना शिवलाही नसावा.

शाळेसमोर चायनीजची एक गाडी होती. पाटीवर 'फ्राय राइस'. बाई आठवडाभर त्या माणसाच्या मागे लागल्या. "अहो, तांदूळ स्वतः तळत नाही, त्याला कोणीतरी तळतं. तुम्हीच तळता. तुमचंच श्रेय तुम्ही कशाला घालवता?" शेवटी त्यानं कंटाळून रंगाऱ्याला बोलावलं आणि 'फ्राइड राइस' करून घेतलं. मग त्यालाही गोडी लागली. उन्हाळ्यात त्यानं दुसरी पाटी लावली, 'आइस्ड क्रीम'. बाईंनी ती पाटी वाचली आणि त्या दिवसापासून पलीकडच्या फुटपाथनं जायला लागल्या.

मी एकदा न राहवून म्हटलं, "बाई, एखादी चूक सोडून द्यावी की हो. जगाचं काय अडतं?"

त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जगाचं नाही अडत. आमचं अडतं."

मग पेनाला टोपण लावून त्यांनी सांगितलं. वडील पोस्टात होते. त्यांचं कुटुंब बौद्ध झालं तेव्हा ते शाळकरी पोर होते. पुढे पाकिटांवरचे पत्ते वाचून वाचून ते इंग्रजी शिकले. लेकीला म्हणायचे, "ही भाषा आपल्याला कोणी पानात वाढलेली नाही. आपण आपल्या हातानं घेतलीय. सांडायची नाही." बाई कॉलेजात गेल्या. पहिल्याच महिन्यात वर्गात उभं राहून एक वाक्य चुकल्या आणि सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. वर म्हणाले, असू दे, तुमच्याकडून एवढं येतंय हेच पुष्कळ.

"तुमच्याकडून म्हणजे कोणाकडून, हे मी त्यांना विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "विचारायची गरजच नव्हती." आणि पुढची वही ओढून घेतली. त्यानंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही.

बाईंना एकच मुलगा, सुजित. तो चौथीत असताना वडील गेले. बाईंनी एकटीनं वाढवला. आमच्याच शाळेत होता. माझ्या तासाला फक्त ट्रक काढायचा, पण काय सुरेख काढायचा, टायरच्या नक्षीसकट. इंग्रजीच्या बाईंचा मुलगा इंग्रजीत जेमतेम पास, यावर शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा होई, अर्थात बाई तासावर असताना. कॉलेज त्यानं मधेच सोडलं आणि मार्केट यार्डात एका वाहतूकवाल्याकडे कामाला लागला. पुढे स्वतःचा टेम्पो घेतला, मग दुसरा. शहराबाहेर मांजरी गावात खोली घेऊन राहायला लागला. गाड्या लावायला तिकडे जागा मिळते, असं कारण होतं. बाई कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मुलगा लॉजिस्टिक्समध्ये आहे." त्या उच्चारात एकही चूक नसे.

आता ती पत्रिकेची गोष्ट.

सुजितचं लग्न ठरलं. मुलगी मांजरीचीच, शेतकरी घरातली, नाव प्रियांका. त्यानं आपलं आपण जमवलं होतं आणि बाईंनी मोडता घातला नव्हता. दुपारच्या सुट्टीत तो थेट शिक्षकांच्या खोलीत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि वर पत्रिका. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. पहिली पत्रिका आईला द्यायची म्हणून तो यार्डातून मुद्दाम आला होता. आम्ही सगळ्यांनी डबे बाजूला सारले. त्यानं वाकून नमस्कार केला आणि पत्रिका आईच्या हातात ठेवली.

बाईंनी मराठी बाजू वाचली. चेहरा असा काही फुलला की आम्हीही बघत राहिलो. मग त्यांनी पत्रिका उलटली. चष्मा कपाळावर गेला. आणि हात पर्सकडे गेला.

मी पाहत होतो, माझ्या शेजारीच तर बसल्या होत्या. हात धरायला हवा होता असं आज वाटतं, पण इतकी वर्षं ज्या हाताला कोणी धरलं नाही त्याला मी काय धरणार? बाईंनी लाल पेनानं 'यू आर इन्व्हायटिंग'मधल्या 'इन्व्हायटिंग'भोवती एक गोल काढला, खाली दुसरा काढला, समासात दोन शब्द लिहिले आणि पत्रिका त्याच्या हातात परत दिली.

"परत छापून आण."

सुजितनं पत्रिकेकडे पाहिलं. "आई, मुलीकडच्यांनी त्यांच्या निम्म्या वाटल्यासुद्धा."

"मग निम्म्या तरी नीट जाऊ देत."

"तुला बोलवायला आलो होतो गं," तो म्हणाला. "तपासायला नव्हतो आलो."

पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला, पत्रिका खिशात घातली आणि निघून गेला. कोणी पेढा घेईना. शेवटी बाईंनीच बॉक्स उघडून सगळ्यांपुढे फिरवला, स्वतः मात्र घेतला नाही. घंटा झाल्यावर तासावर गेल्या आणि नेहमीसारखं शिकवलं. शेजारच्या वर्गात मी होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

पुढचे पंधरा-वीस दिवस दोघांपैकी कोणी फोन केला नाही. लग्न जवळ आलं तसं मीच विचारलं, "बाई, तयारी कुठवर?"

"कसली? मी इन्व्हायटेड नाही."

"अहो, मुलाच्या लग्नात आई पाहुणी असते का?"

"इन्व्हायटेड व्हायला आधी कोणीतरी इन्व्हाइट करावं लागतं. क्रिया आधी, विशेषण मागाहून. त्यानं दिलेली पत्रिका परत नेली. म्हणजे क्रिया रद्द." असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मला राग आला, खरं सांगतो. स्वतःचा पोटचा मुलगा, आणि ही बाई त्याला व्याकरणाचे नियम लावत बसलीय. पण आवाज ऐकला तर तो नियम सांगणाऱ्या बाईंचा नव्हता.

मी शनिवारी सकाळच्या शाळेनंतर मार्केट यार्डात गेलो. कांद्याच्या गाळ्यांपुढे सुजितच्या टेम्पोत पोती चढत होती. त्यानं मला पाहिलं, हमालांना दोन सूचना दिल्या आणि चहा मागवला.

"आई नकोय का रे लग्नाला?" मी सरळच विचारलं.

"नको कोण म्हणतंय, सर? सगळ्यात पहिली पत्रिका कोणाला दिली?"

"मग जा आणि बोलव."

"जाऊन काय बोलू?" त्यानं चहाचा कप तसाच धरून ठेवला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं. मी आईशी बोलायच्या आधी वाक्य मनात म्हणून बघतो. लहानपणापासून. मराठीतलंसुद्धा. नीट आहे का, चुकलं तर नाही ना. ते जुळवेपर्यंत बोलायचं काय तेच राहून जातं. इथे दिवसभर सगळ्यांशी भांडतो, व्यापाऱ्यांशी, पोलिसांशी, कोणाच्या बापाला भीत नाही. आईला फोन लावायचा म्हटलं की आधी पाणी पितो."

"तिला हे सांग."

"तेच तर सांगता येत नाही." मग हसला. "तिनं यावं असं फार वाटतं, सर. पण पुन्हा बोलवायला गेलो आणि पुन्हा काही चुकलं तर लग्नात उभं राहायचं बळ राहणार नाही माझ्यात."

मी हे बाईंना सांगायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मला धीर झाला नाही. आईला मुलाची भीती परक्या माणसानं कळवायची, हे काही मला जमेना. मी एवढंच म्हणालो, "भेटला होता. बरा आहे." बाई म्हणाल्या, "बारीक झालाय का?" मी म्हटलं, थोडासा. त्यावर त्यांनी मान हलवली आणि वही उघडली, पण पान काही उलटलं नाही.

लग्नाच्या सकाळी मी रिक्षा करून गुलटेकडीला त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होतो. दार उघडंच होतं. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. नवी रेशमी साडी, केसांत मोगरा, पायांत चपला, मांडीवर पर्स. कधीपासून तशा बसल्या होत्या कोण जाणे. मोगऱ्याच्या कळ्या उमलायला लागल्या होत्या. उघड्या दारातून रस्ता दिसत होता आणि त्या रस्त्याकडेच बघत होत्या.

"सुजितनं पाठवलंय मला," मी ठोकून दिलं. "म्हणाला, आईला सन्मानपूर्वक घेऊन या, तिच्या उपस्थितीशिवाय मंगल परिणयास आरंभ होणार नाही."

बाईंनी चष्मा कपाळावर नेला. "एवढं शुद्ध तो बोलत नाही. हे तुमचं आहे."

मी बाहेर उभ्या रिक्षाकडे बोट दाखवलं.

"थापसुद्धा रंगवून मारता. ड्रॉइंगचे मास्तर शेवटी." त्या उठल्या, खिडक्या लावल्या, कुलूप घेतलं. दारात थांबल्या. "पण बोलवायला माणूस तर आला ना दाराशी?"

"आला."

"मग झालं तर. कोण करतंय ते नंतर बघू."

बाई हे वाक्य बोलल्या यावर आमच्या शाळेत अजून कोणी विश्वास ठेवत नाही.

मांजरीला पोचलो तर कार्यालयात वंदना सुरू झाली होती. तसबिरींपुढे मेणबत्त्या लावलेल्या, सगळे हात जोडून उभे. बाई शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या आणि त्रिशरण-पंचशील खणखणीत आवाजात म्हणायला लागल्या. तो आवाज ऐकून पुढे उभ्या असलेल्या सुजितची मान वळायला निघाली आणि मधेच थांबली. विधी होईपर्यंत त्यानं मागे पाहिलं नाही. पण त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

लग्न लागलं. फोटो सुरू झाले. मुलीकडची माणसं स्टेजवर जाऊन आली. मग फोटोवाल्यानं माइकवरून पुकारलं, "नवरदेवाच्या आई, नवरदेवाच्या आई वर या." बाई उठेनात. मी कोपरानं ढोसलं तर म्हणाल्या, "तो फोटोवाला बोलावतोय."

मुलीची आई लगबगीनं आली. "अवो ताई, चला की वर. पोरगं सकाळधरनं उपाशी हाय. म्हणतंय, आई आल्याबिगर जेवायचं न्हाई."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. पर्सचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

तेवढ्यात सुजित स्टेजवरून उतरला. गळ्यात हार तसाच. खुर्च्यांच्या मधून सरळ चालत आला आणि आईसमोर उभा राहिला. मला वाटलं, आता बोलेल. त्याचे ओठ हलले, मनातल्या मनात वाक्य चाललेलं मला दिसत होतं. ते जुळलं नसावं. त्यानं वाकून आईची पर्स काढून माझ्याकडे दिली, तिच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि घेऊन गेला. पायऱ्या चढताना बाई त्याच्या कानाशी काहीतरी बोलल्या. त्यानं उत्तर दिलं. मग फोटो निघाला.

परतीच्या रिक्षात मी विचारलं, "काय म्हणालात हो त्याला?" बाईंनी मला रस्त्यावरची पाटी वाचून दाखवली. म्हणजे सांगायचं नव्हतं.

पुढे त्या निवृत्त झाल्या आणि मांजरीलाच राहायला गेल्या. फोन केला की म्हणायच्या, "कामात आहे, मग बोलते." गेल्या थंडीत त्या गेल्या. फार दुखणं काढलं नाही, न्यूमोनियाचं निमित्त झालं. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची आता एका संगणकवाल्या मुलाकडे आहे. तो कुठलाही कागद वाचतच नाही, त्यामुळे कोणाशी त्याचं वाईट नाही. मला मात्र दर दोन दिवसांनी काहीतरी चुकीचं बोलावंसं वाटतं आणि ऐकणारं कोणी नाही म्हणून मी गप्प बसतो.

परवा स्वारगेटला बसची वाट बघत होतो तर सुजितनं गाडी थांबवली. घरापर्यंत सोडतो म्हणाला. सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा मी ते इतके दिवस राहिलेलं विचारलं. "लग्नात पायऱ्या चढताना आई काय म्हणाली होती रे?"

तो समोर बघत होता. "म्हणाली, माझी अजून भीती वाटते का रे तुला?"

"मग?"

"हो म्हणालो. पटकन तोंडातून गेलं, जुळवायला वेळच नव्हता." त्यानं गिअर टाकला. "फोटोवाला सारखा ओरडत होता, नवरीकडे सरका, नवरीकडे सरका. पण आईनं हातच सोडला नाही माझा."